अकरावं डोकं

हेमकांत शांतीलाल पाटील, म्हणजे आमचे नाना, यांनी एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या शेअर विभागात काढली, आणि तिथे त्यांना डोकी मोजायची सवय लागली. शेअर विभाग म्हणजे मुख्यतः एक जाडजूड नोंदवही. कोण सभासद वारला, त्याचा शेअर कोणाच्या नावावर चढला, दिवाळीची साखर कोण घेऊन गेला आणि नेलीच नाही म्हणून परत कोण आला, हे सगळं तीत नानांच्या अक्षरात. सहकाराचा नियम असा, की शेअर एक असो की पन्नास, सभासदाला मत एकच. त्यामुळे आमच्याकडे शहाणा माणूस शेअर वाढवत बसत नाही, सभासद वाढवतो. बायको, आई, भावजय, परवा अठरा पूर्ण झालेली मुलगी, कारखाना कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नसलेला सुरतेचा साडू, सगळ्यांच्या नावावर एकेक शेअर. आणि निवडणुकीच्या दिवशी ही सगळी लोकशाही ट्रॅक्टरमधून उतरते. नानांनी असे ट्रॅक्टर एकतीस वर्षं पाहिले. त्यातून त्यांचं एक मत बनलं, आणि ते त्यांनी पुढे कधी तपासून पाहिलं नाही: जगात शेवटी डोकी मोजतात.

निवृत्तीनंतर त्यांनी जे केलं ते समजायला एवढं पुरेसं आहे. त्यांनी वडोदऱ्याच्या एका लहानशा कंपनीचे शेअर घेतले आणि ते अकरा जणांच्या नावांवर ठेवले.

कंपनीचं नाव सूत्रवेल नेटवर्क्स. एका आवारातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला जे राखाडी डबे लागतात, ते ती बनवते आणि बसवूनही देते. नानांची तिच्याशी ओळख कारखान्यातच झाली होती. उसाचा वजनकाटा, शेतकी विभाग आणि हिशेब विभाग एकमेकांना जोडायचं ठरलं तेव्हा वडोदऱ्याहून दोन पोरं आली, आठ दिवस गेस्ट हाउसवर राहिली, आणि इथे उंदीर वायर खातात हे त्यांना कोणी सांगायच्या आत त्यांनी सगळ्या वायरी लोखंडी नळ्यांतून नेल्या. नानांना ते आवडलं. काट्याच्या केबिनमध्ये भिंतीवर एक डबा बसला, त्यावर हिरवा दिवा. पुढच्या नऊ हंगामांत बॉयलर बंद पडला, क्रेन बंद पडली, दोन कार्यकारी संचालक बंद पडले. दिवा लुकलुकत राहिला. एकदाच विझला, तेव्हा कोणीतरी मोबाइल चार्ज करायला त्याचा प्लग काढलेला निघाला.

या कंपनीचे शेअर बाजारात मिळतात आणि ते फारसं कोणी घेत नाही, हे नानांना निवृत्तीनंतर कळलं. त्यांनी तिचे वार्षिक अहवाल मागवले, आणि डिक्शनरी शेजारी ठेवून, पेन्सिलीने खुणा करत, पोथीसारखे वाचले. निष्कर्ष असा निघाला: कंपनीवर कर्ज नाही, काम चोख, गिऱ्हाईक टिकून, आणि मालक अडुसष्ट वर्षांचा. म्हणजे जमीन बागायत आहे, विहिरीला पाणी आहे, आणि कसणारा थकला आहे. अशी जमीन आज ना उद्या विकली जाते. घेतो कोण? ज्याचा बांध तिच्या बांधाला लागून आहे तो. कारण मधला बांध मोडून दोन तुकड्यांचं एक शेत झालं की त्या जमिनीला जी किंमत येते, ती त्या शेजाऱ्यालाच येते, दुसऱ्या कोणाला नाही. मग नानांनी सूत्रवेलचा बांधकरी शोधला. हैदराबादेत केबल बनवणारी एक मोठी कंपनी त्यांना सापडली. तिच्याकडे मैलोगणती वायर होती आणि वायरीच्या टोकाला लावायला स्वतःचा डबा नव्हता. गुंतवणुकीवरच्या पुस्तकांना एवढं सांगायला चारशे पानं लागतात, आणि तरी त्यांत बांध दिसत नाही.

वारसांचा प्रश्न तेवढा राहिला होता. अहवालात मालकाच्या मुलाबाळांबद्दल काही लिहीत नाहीत. म्हणून नानांनी आधी थोडेसे शेअर घेतले आणि सभासद या नात्याने एसटीने वडोदऱ्याला वार्षिक सभेला गेले. सभेला जेवण नव्हतं, साखर नव्हती, ट्रॅक्टर तर नव्हतेच. बावीस माणसं आणि सँडविच. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा नानांनी उभं राहून हिंदीत विचारलं, की अध्यक्षमहाराजांची मुलं काय करतात. कंपनीचा सेक्रेटरी हा प्रश्न विषयपत्रिकेत कुठे बसतो ते शोधू लागला. म्हातारे मालक मात्र खूश झाले. दोन मुली, म्हणाले, दोघी कॅनडात. एक दातांची डॉक्टर, दुसरी अस्वलांवर संशोधन करते. नाना समाधानाने परतले. अस्वलं सोडून डब्यांच्या धंद्यात कोणी येत नाही. मुलींना त्यांनी वारसांत धरलं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

शहाद्यात शेअरची कामं चुनीलाल करतो, एसटी स्टँडसमोर, पहिल्या मजल्यावर. त्याने नानांना परोपरीने समजावलं, की कंपनीत डोकी मोजत नाहीत, शेअर मोजतात; अकरा नावांवर ठेवा की एका, मताचं वजन तेवढंच, वर अकरा खात्यांची दरसाल फी. नानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि आणखी दहा फॉर्म मागितले. बायको शोभाबाई, नवापूरला कोंबड्यांच्या खाद्याच्या धंद्यात असलेला मुलगा भूपेंद्र, शाळेत गणित शिकवणारी सून चेतना, व्याही, मेहुणे, अशी माणसं जमली. शेअर नानांनी आपल्या खात्यात घेतले आणि तिथून बक्षीस म्हणून एकेकाच्या खात्यात वर्ग केले. पत्ता ज्याचा त्याचा, फोन ज्याचा त्याचा. ईमेल नको म्हणाले. सभासदाला कागद पोस्टानेच गेला पाहिजे. पुढे सात वर्षं नाना जिना चढताना दिसले की चुनीलाल दुकानातल्या माणसांना म्हणायचा, "रावणाची दहा, आमच्या नानांची अकरा."

अकरावं डोकं तापीबाईंचं.

तापीबाई नानांची थोरली बहीण. भावंडं दोनच. बहिणीचं सासर तापीच्या पलीकडे, तासाभराच्या बसचं. चौऱ्याण्णव साली वडील, शांतीलालभाई, गेले आणि दिवस झाल्यावर, रीत आहे तसं, बहिणीने हक्कसोड करून दिली. हा कागद आमच्याकडे बहिणीकडे मागत नाहीत, तयार करून आणतात. तिला कचेरीत नेतात, नवी साडी घेतात, येताना रसवंतीवर उसाचा रस पाजतात. कचेरीतल्या साहेबाने नियमाप्रमाणे विचारलं, बाई, राजीखुशीने देताय ना, काही हरकत? तापीबाईंनी भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, नाही साहेब, हरकत काय असणार. बहिणीने सही केली. केळीची तेरा एकर जमीन नानांच्या एकट्याच्या नावावर झाली, आणि त्यावरून दोघांत पुढे एक शब्दही निघाला नाही. भाऊबीज चुकली नाही, माहेरचे केळीचे घड चुकले नाहीत. अशाला आमच्याकडे प्रेमाचे संबंध म्हणतात, आणि ते होतेही.

खात्याच्या फॉर्मवर तिची सही घ्यायला नाना भाऊबीजेलाच गेले. बरोबर चुनीलाल, कारण खातेदाराला प्रत्यक्ष पाहून फोटो काढावा लागतो. ओवाळून झाल्याबरोबर नानांनी कागद पुढे केले, बँकेचं आहे म्हणाले. तापीबाईंनी चष्मा शोधला नाही. भावाने जिथे बोट ठेवलं तिथे सह्या केल्या. चुनीलालने फोटो काढला. त्यामुळे त्या खात्यावर तापीबाई हातात ओवाळणीचं ताट धरून उभ्या आहेत, आणि मुंबईत कोणीतरी तो फोटो तपासून मंजूर केलेला आहे.

त्यानंतर सात वर्षं काही झालं नाही. साथीच्या साली शेअर निम्म्यावर आला, मग हळूहळू चढून जिथून निघाला होता तिथे येऊन बसला. भूपेंद्र महिन्या-दोन महिन्यांनी घरी आला की म्हणायचा, नाना, हेच पैसे म्युच्युअल फंडात टाकले असते तर. शोभाबाई गव्हातले खडे वेचता वेचता विचारायच्या, "दिवा लागना का तुम्हना?" नाना म्हणायचे, "लागी." ही कंपनी सभासदांना दिवाळीची साखर देत नाही ही गोष्ट मात्र नानांना कधी पटली नाही. तेव्हा ते दर दिवाळीला स्वतःच्या खिशातून पाच-पाच किलोच्या दहा पिशव्या भरायचे आणि सभासदांकडे पोचत्या करायचे. तापीबाईंनाही पिशवी जायची. कारखान्याची असेल, असं समजून त्या लाडू करायच्या.

गेल्या दसऱ्यानंतर आठच दिवसांनी हैदराबादच्या केबलवाल्या कंपनीने जाहीर केलं, की सूत्रवेल आपण आपल्यात घेत आहोत. तिच्या सभासदांना बदल्यात आपले शेअर देऊ, आणि ते चांगल्या भावाने. बांधकऱ्याने शेत घेतलं. चुनीलाल जिना उतरून स्वतः नानांच्या घरी आला, पेढे घेऊन. त्याहून मोठी बातमी त्याच्या खिशात होती. अशा विलीनीकरणासाठी सभासदांचं मत न्यायाधिकरणाच्या हुकमाने घेतात, आणि तिथे नुसत्या शेअरांनी भागत नाही. मत देणाऱ्यांतली निम्म्याहून जास्त माणसंही बाजूने असावी लागतात. कंपनी लहान, मत द्यायची तसदी घेणारे त्याहून थोडे. म्हणजे डोकी मोजणार होते. चुनीलालने ते कलम तीनदा वाचलं होतं. तो नानांच्या पाया पडला. नानांनी पाय मागे घेतले नाहीत.

मग नानांनी घरच्यांना तोंडी आणि बाकीच्यांना फोनवर, असं एकेकाला सांगितलं: जाड पाकीट येईल, घाबरू नका, चेतना विचारील तेव्हा फोनवर आलेला आकडा सांगा. असे नऊ सभासद झाले. दहावा राहिला. तापीबाईंना उद्या सांगू, असं ते महिनाभर म्हणत होते. अडचण सुरुवातीची होती. तुझ्या नावावर शेअर आहेत म्हटलं की ती का म्हणून विचारणार, आणि त्या काचं उत्तर सुरू होत होतं चौऱ्याण्णव सालापासून.

पाकीट त्यांच्या आधी पोचलं.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी मी शेजारून नानांकडे पेपर परत द्यायला गेलो होतो. तेवढ्यात तापीबाई आल्या, एकट्या, बसने. आत येऊन दारालगतच्या खुर्चीवर बसल्या. मांडीवर फोडलेलं जाड पाकीट. दोनशे पानं, सगळी इंग्रजी. वर न्यायाधिकरणाचं नाव, खटल्याला असतो तसा क्रमांक, आणि पत्त्याच्या चिठ्ठीवर तापीबाईंचं पूर्ण नाव. गावातल्या गुरुजींनी पहिलं पान वाचून सांगितलं होतं, की हे कोर्टासारखंच काहीतरी दिसतंय आणि तुम्हाला सभेला बोलावलंय. कोर्ट म्हटल्यावर एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात तापीबाईंना एकच विषय सुचण्यासारखा होता. पुढे दोन दिवस त्या पाकीट आणखी कोणाला न दाखवता त्याच्याबरोबर राहिल्या, आणि तिसऱ्या दिवशी बसमध्ये बसल्या.

शोभाबाईंनी पाण्याचा पेला आणून समोरच्या स्टुलावर ठेवला. तापीबाईंनी तो उचलला नाही. बहीण माहेरचं पाणी घेत नाही म्हणजे काय, हे खोलीत सगळ्यांना कळलं.

"हेमू," त्या म्हणाल्या, "जमीन तुन्ही शे. मी कधी काही बोलनू का? मंग कोर्टना कागद काबर धाडा?"

कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत खुर्च्या उडत असताना मी नानांना पाहिलेलं आहे. तेव्हा ते नोंदवही छातीशी धरून, फोटोला उभं राहावं तसे उभे होते. त्या सकाळी मात्र त्यांच्या हातातली पेन्सिल खाली पडली आणि ती त्यांनी उचलली नाही. बाराची बस होती. आक्का उठून त्या बसने गेली, तर पुढची भाऊबीज नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. विलीनीकरण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात कुठेही नव्हतं.

घाबरलेला माणूस गोष्ट भलत्याच टोकाला धरतो. नानांनी वजनकाट्यापासून सुरुवात केली. राखाडी डबा, हिरवा दिवा, उंदीर, लोखंडी नळ्या, बांधाला लागलेला बांध, वडोदऱ्याचं सँडविच. पाऊण तास गेला. शोभाबाईंनी पेल्यातलं पाणी दोनदा बदललं. तापीबाई सगळं भागवत ऐकावं तशा ऐकत होत्या; मध्ये एकदाच त्यांनी विचारलं, की त्या पोरीने अस्वलंच का घेतली.

शेवटी चेतना स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. भूपेंद्रची आत्या म्हणून ती तापीबाईंना फुई म्हणते. गोष्ट एवढीच आहे, ती म्हणाली: एका कंपनीचे शेअर नानांनी तुमच्या नावावर घेऊन ठेवलेत, ती कंपनी दुसरी मोठी कंपनी घेतेय, आणि घ्यावी की नाही, हे ते तुम्हाला विचारतायत. जमिनीचा काही संबंध नाही, कोणी कोर्टात गेलेलं नाही.

तापीबाईंनी पाकिटावरच्या आपल्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मंग ती दिवाळीनी साखर?"

"तीबी मीच धाडी," नाना म्हणाले.

किती शेअर, असं त्यांनी विचारलं. आकड्यासाठी नव्हे, आणखी काय काय आपल्याला माहीत नाही ते बघायला. कपाटावर नानांची वही होती, कारखान्याच्या नोंदवहीसारखीच आखलेली. चेतनाने ती काढली आणि वाचायला लागली. नऊ सभासदांच्या नावावर दहा-दहा. नानांच्या नावावर अकराशे पंचावन्न. पुढच्या ओळीवर ती थांबली, कारण ही ओळ तिनेही आजच पाहिली होती.

"फुई, तुमच्या नावावर अकराशे पंचावन्न."

गणिताच्या शिक्षिकेने दोन्ही आकड्यांखालून बोट फिरवून पाहिलं: निम्मं-निम्मं. शोभाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. एकेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस आपल्याला पुरता कळला आहे, अशी त्यांची समजूत होती.

आता तापीबाई डोळ्यांना पदर लावतील असं मला वाटलं. माझा अंदाज चुकला. त्या रागावल्या, आवाज न चढवता, थोरल्या बहिणीने रागवावं तशा.

"दोन डाव सही लिन्ही तू. एक डाव लेवाले, एक डाव देवाले. दोन्ही डाव सांगं नही."

नाना शर्टाच्या बटणाशी चाळा करत बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते चौऱ्याण्णव सालापासून आजपर्यंत कोणाजवळही बोललेले नव्हते. आवाज शेअर विभागाच्या खिडकीतला, हळू आणि नोंद वाचून दाखवल्यासारखा.

"साहेबनी तुले इचारं व्हतं, आक्का. जबाब मी दिना."

"माले याद शे," तापीबाई म्हणाल्या. "साडी हिरवी व्हती."

"चुकनू मी," नाना म्हणाले.

आमच्याकडे माफी मागायची पद्धत नाही, त्यामुळे ती मागितल्यावर पुढे काय करायचं याचीही नाही. भिंतीवरचं घड्याळ, कारखान्यानेच निवृत्तीला दिलेलं, आपलं काम करत राहिलं. बाराला दहा कमी होते. तापीबाईंनी ते पाहिलं. पाकीट मांडीवरून उचलून स्टुलावर ठेवलं, आणि चेतनाला म्हणाल्या, काय विचारतायत ते विचार बघू.

चेतनाने मोबाइलवर मतदानाचं पान उघडलं. तापीबाईंच्या पिशवीतल्या बटणांच्या फोनवर आकडा आला. तो त्यांनी चष्मा लावून, एकेक अंक सुटा सुटा, स्वतः वाचला. पानावर दोन गोल होते, संमती आणि असंमती. कचेरीतल्या साहेबाने नेमक्या कुठल्या शब्दांत विचारलं होतं, हे चेतनाला माहीत नव्हतं. तिला सोपं करून सांगायचं होतं, एवढंच.

"फुई, या दोन कंपन्या एक करायला तुमची काही हरकत आहे का?"

सवय मोठी. तापीबाईंनी भावाकडे पाहिलं. शोभाबाईंनी पाहिलं, मीही पाहिलं. सात वर्षांचा अंदाज खरा ठरत आला होता, अकरा डोक्यांची गरज पहिल्यांदाच पडली होती, आणि नाही हा शब्द नानांच्या ओठांपर्यंत आलेला आम्हा सगळ्यांना दिसला. नानांनी मान वळवली. भिंतीवर कारखान्याचं कॅलेंडर होतं. ते त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि जानेवारी वाचायला लागले. तिथी, वार, चंद्रोदय, सगळं.

तापीबाईंनी वाट पाहिली. तिकडून या वेळी काही येणार नाही, याची खात्री होईपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाल्या,

"हरकत शे."

चेतना सांगू लागली, की फुई, यात तुमचं नुकसान काहीच नाही, उलट फायदाच आहे. कॅलेंडरकडून मागे न वळता नाना म्हणाले, "चेतना, सभासद जे सांगस, ते दाब."

तिने असंमतीचा गोल दाबला. आपलं मत नोंदवण्यात आलं आहे, असं पानावर आलं. चेतनाने ते मराठीत वाचून दाखवलं, आणि तापीबाईंनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

शोभाबाईंना राहवलं नाही. का हो बाई, त्यांनी विचारलं, काय वाईट आहे त्या कंपनीत?

"काही वाईट नही वं," तापीबाई म्हणाल्या. "एक डाव म्हणी देखनं व्हतं."

मग त्यांनी पेला उचलला. पाणी तोवर तिसऱ्यांदा बदललेलं होतं. त्यांनी ते तळापर्यंत प्यायलं. बाराची बस वेळेवर गेली असणार; कोणी पाहायला गेलं नाही. जेवायला वांग्याचं भरीत होतं. जेवताना बहिणीने भावाला सांगितलं, की साखर पाठवतोस ती चांगली असते, पण पिशवीला गाठ नीट मारत जा, दर वर्षी मुंग्या लागतात.

चार दिवसांनी निकाल लागला. बाजूने दोनशे तीन डोकी, विरोधात सदतीस. शेअरांच्या मापाने तर प्रश्नच नव्हता. विलीनीकरण मंजूर झालं. चुनीलालने लगेच हिशेब मांडला, की नानांची अकरा डोकी म्हणजे बाजूने दहा, विरोधात एक, निव्वळ नऊ. एवढा खटाटोप करून रावणापेक्षाही एक कमी. नाना म्हणाले, विरोध हा सभासदाचा हक्क आहे. एकतीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या सभांत मंजूर, मंजूर एवढंच ऐकलं होतं. त्यांच्या घरात आजवर कोणी विरोधात मत दिलं नव्हतं. वहीत त्यांनी दहा नावांसमोर संमती लिहिलं, आणि अकराव्यासमोर विरोध, तारखेसह, तितक्याच घोटीव अक्षरात. मला बोलावून दाखवलं. मी चांगलं आलंय म्हणालो.

पुढे बदल्यातले नवे शेअर सगळ्यांच्या खात्यांत आले. भाव बरा होता. चुनीलाल म्हणाला, नाना, तुमचे नि आक्कांचे एकदमच काढून टाकू, आक्कांना काय कळतंय त्यातलं, तुम्ही हो म्हणा, फोनवर आकडा तेवढा त्यांना विचारून घेऊ.

"तिले इचार," नाना म्हणाले, आणि तिचा नंबर त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला.

चुनीलालने फोन केला. तापीबाई त्याच्याशी वीस मिनिटं बोलल्या. घाई नाही म्हणाल्या. आधी मराठीत लिहिलेला कागद घेऊन घरी ये, मी वाचीन, आठ दिवस विचार करीन, मग सांगीन. आणि येताना कॅमेरा आण म्हणाल्या, तो खात्यावरचा फोटो बदलायचाय. या वेळी ताटाशिवाय.